चार्जच्या कांड्या आणि शहराचा उतार

कोल्हापुरात विजेच्या स्कूटरवरून पाहुण्यांना शहरातल्या हिरव्या जागा दाखवणे, हे माझे काम आहे. रंकाळा तलावाच्या काठावरील पद्माराजे उद्यानापासून निघायचे, टाऊन हॉलची बाग आणि नवा राजवाडा पाहायचा, तिथून सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठापर्यंत चढायचे आणि राजारामपुरी, मिरजकर तिकटी, खरी कॉर्नर अशा वाटेने परत रंकाळ्यावर यायचे, हा आमचा ठरलेला मार्ग. आमच्या गाड्या कमी वेगाच्या आहेत. मोटर 250 वॅटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला, तर गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. त्यामुळे एरवी दुचाकीला हात न लावणारी माणसेही या सहलीला येतात. हेल्मेट मात्र आम्ही प्रत्येकाला घालायला लावतो आणि हमीपत्रावर सही घेतल्याशिवाय किल्ली देत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी जो गट आला, त्यात पुण्याचे एक जोडपे होते, दोन महाविद्यालयीन मैत्रिणी होत्या आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आपल्या नातवाला घेऊन आले होते. नातू मागे बसणार आणि गाडी काका स्वतः चालवणार, असे त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकले. दोघांच्या वजनामुळे त्यांची गाडी सर्वांत सावकाश चालणार हे उघड होते, म्हणून मी त्यांना माझ्या लगेच मागे ठेवले. रांगेत सर्वांत धीमी गाडी पुढे असली की मागचे आपोआप आवरून चालवतात. ती शेवटी ठेवली तर गट तुटतो आणि गंगावेशीच्या गर्दीत एकेकाला शोधत बसावे लागते.

निघण्यापूर्वी मी नेहमीची सूचना दिली. या गाड्यांच्या पडद्यावर चार्ज दाखवणाऱ्या पाच कांड्या असतात. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज तात्पुरते खाली बसते आणि एकदोन कांड्या नाहीशा होतात. सपाटीवर आले की त्या परत दिसू लागतात. पाहुणे हे पाहून घाबरतात आणि चार्ज संपला म्हणून ओरडतात, म्हणून ते आधीच सांगावे लागते. इतर सर्वांनी मान डोलावली. काकांनी मात्र माझ्याकडून हमीपत्राचा एक कोरा नमुना मागून घेतला आणि त्याची मागची कोरी बाजू वर येईल अशी घडी घालून तो खिशात ठेवला.

टाऊन हॉलच्या बागेत मी माझी माहिती सांगितली. ही काळ्या दगडाची इमारत 1872 ते 1876 या काळात बांधली गेली, तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर झालेल्या उत्खननातल्या वस्तू ठेवण्यासाठी 1946 मध्ये सुरू झालेले वस्तुसंग्रहालय आज या इमारतीत आहे. बागेतल्या जुन्या झाडांखाली बाहेरच्यापेक्षा हवा चांगलीच थंड असते आणि पाहुणे तिथे रेंगाळतात. मैत्रिणी छायाचित्रे काढण्यात गुंतल्या. काका कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी विचारले, "पोरी, हे सगळं ठीक आहे, पण एवढ्या झाडांना पाणी कुठनं येतं?" मी महापालिकेचे नाव घेतले. ते म्हणाले, "ते आत्ताचं. ही झाडं लावली तवाचं इचारतोय मी."

या प्रश्नाचे उत्तर माझ्या माहितीत नव्हते आणि पाहुण्यांनी तो कधी विचारलाही नव्हता. नव्या राजवाड्यावर पोहोचल्यावरही काकांचे लक्ष मँट यांनीच आखलेल्या आणि 1884 मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या घड्याळी मनोऱ्यापेक्षा आवारातल्या तळ्याकडे अधिक होते. हरणांच्या कुंपणाजवळून आम्ही गेलो, तेव्हा एकाही हरणाने मान वर केली नाही. आवाज नसण्याचा हा एक फायदा आहे. तोटा असा, की पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला मागून गाडी येत असल्याचे कळत नाही आणि माझा अंगठा सदैव हॉर्नवर ठेवावा लागतो.

ताराराणी चौक ओलांडून आम्ही विद्यापीठाच्या चढाला लागलो. वेग निम्म्यावर आला आणि प्रत्येकाच्या पडद्यावरील कांड्या गळू लागल्या. काकांचा नातू मागून मोठ्याने "चार, तीन, दोन" असे पुकारत होता, आणि आता तो खेळ नसून त्याला नेमून दिलेले काम आहे हे माझ्या लक्षात आले. विद्यापीठाची स्थापना 1962 मधली. हा सारा परिसर उघडा माळ होता, तिथे वर्षानुवर्षे झाडे लावली गेली, तळी आणि शेततळी करून पावसाचे पाणी अडवले गेले, आणि आज तिथे मोर दिसतात. हे मी सांगत असताना काका प्रथमच मनापासून खूश झालेले दिसले. त्यांनी कागद उघडून दाखवला. आमचा मार्ग त्यांनी एका वेड्यावाकड्या रेघेने काढला होता आणि जागोजागी दिसणाऱ्या कांड्यांचे आकडे लिहिले होते. कांड्या गळाल्या तिथे चढ, परत आल्या तिथे सपाटी किंवा उतार. पातळी मोजण्याचे यंत्र न लावता त्यांनी शहराचा ढोबळ उंचसखलपणा कागदावर उतरवला होता. पुण्याच्या गृहस्थांनी, बॅटरी जुनी असेल तर आकडे चुकतील, अशी रास्त शंका काढली. काका म्हणाले, "चुकतील की. पण गाडी एकच हाय, माणसं तीच हायत. आकडा खोटा निघंल, फरक खोटा निघायचा नाही."

परतीच्या वाटेवर पश्चिमेकडे आभाळ भरून आले. वळवाच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून मी राजारामपुरीतला चहाचा थांबा वगळला. उतार असल्यामुळे गाड्या जवळजवळ आपणहून धावत होत्या. मिरजकर तिकटी मागे पडली आणि खरी कॉर्नरपाशी टपोरे थेंब सुरू झाले. गांधी मैदानाजवळ पोहोचेपर्यंत पावसाने चांगलेच झोडपले, आणि आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली गाड्या ओढून घेतल्या. आमच्या गाड्यांची मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागीच बसवलेली असते, त्यामुळे चाकाच्या आसापर्यंत चढलेल्या पाण्यातून गाडी नेऊ द्यायची नाही, हा माझा नियम आहे. सहल लांबली तरी चालेल.

काकांनी कागद कोरडा ठेवण्यासाठी हेल्मेटमध्ये घातला होता. तो काढून त्यांनी मैदानाच्या दिशेने हात केला आणि सांगितले, की इथवर येताना सलग उतार लागला, आता रंकाळ्याकडे निघालो की पुन्हा थोडे चढावे लागणार, म्हणजे आपल्या परतीच्या वाटेवरची खोलगट जागा हीच असावी. तेव्हा मला सांगण्यासारखे काही सुचले. जिथे आम्ही पाहत होतो, ते मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. ते तळे बुजवून मैदान झाले. तसेच कपिलतीर्थही होते. त्या जागी आज भाजी मंडई भरते. रंकाळा मात्र शिल्लक राहिला, आणि तोही मुळात दगडाची खाण होता असे सांगतात. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हे तू टाऊन हॉलात का सांगितलं न्हाईस? माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच की." जुन्या शहराने आपले पाणी उताराच्या तळाशी साठवले होते, त्याची ओल आसपासच्या विहिरींना आणि बागांना मिळत होती, असे त्यांनी नातवाला समजावून सांगितले, आणि मग पाझर, विहिरीची पातळी, काळ्या मातीत पाणी किती वेळ टिकते, या विषयांवर पाऊस थांबेपर्यंत त्यांचे व्याख्यान चालले. कंटाळले कोणीच नाही. मैत्रिणींपैकी एक भूगोलाची विद्यार्थिनी निघाली आणि तिने त्या कागदाचे छायाचित्र काढून घेतले.

तोवर मैदानात सगळीकडून पाणी येऊन जमले होते. मोठ्या पावसात या मैदानाचे तळे होते, हे शिवाजी पेठेतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि मुले त्याच पाण्यात फुटबॉल खेळायला उतरली. कोल्हापुरात पाऊस हे फुटबॉल थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. रस्त्यावरचे पाणी ओसरल्यावर आम्ही गाड्या हाताने ढकलत पलीकडे नेल्या आणि अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या बाजूने रंकाळ्यावर पोहोचलो. थोडा चढ लागला तशी काकांच्या पडद्यावरची एक कांडी खरोखरच गेली, आणि नातवाने ती सर्वांना ऐकू जाईल अशी पुकारली.

काकांनी जादा वेळाचे पैसे देऊ केले, मी ते घेतले नाहीत, कागद मात्र मागून घेतला. आता परतीच्या वाटेवर मी गांधी मैदानापाशी गट थांबवते. आमच्या मालकांना ते पसंत नाही. बागांच्या सहलीत मोकळे मैदान कशाला दाखवायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. बाहेरगावचे पाहुणेही तिथे फारसे काही विचारत नाहीत. कोल्हापूरचेच लोक गटात असले, तर मात्र कोणाच्या तरी वाड्यातली विहीर, कोणाच्या तरी आजीने सांगितलेले एखादे तळे निघते, आणि सहल अर्धा तास लांबते.