ट्रेलरसाठी जुनी डिझेल फोर-बाय-फोर : ऑक्टोबर ते एप्रिलची नोंदवही

रात्रीचं आकाश बघायला अंधाऱ्या जागी जायचं म्हणून एक ट्रेलर बनवला, तो पूर्ण झाल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. एकच अ‍ॅक्सल, मागे बारा इंची दुर्बिणीची पेटी, पुढे तंबू, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन. ऑक्टोबरच्या अमावस्येला तो मित्राच्या साध्या गाडीला जोडून निघालो आणि परतीच्या पावसाने भिजलेल्या पाणंदीत दोनशे मीटरवर रुतलो. खान्देशातली काळी माती ओली असली की चाकाला नुसती चिकटत नाही, चाकाभोवती पोळीसारखी गुंडाळत जाते. शेवटी एका अप्पांच्या ट्रॅक्टरने बाहेर काढलं. अप्पांनी पैसे घेतले नाहीत, पण "चांदण्या तं घरूनबी दिसतस" हे मात्र ऐकवलं.

त्या रात्री ठरलं की डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी घ्यायची, जुनी. खिशात सगळं मिळून सव्वाचार लाख. त्यातले सत्तर हजार दुरुस्तीसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे गाडी साडेतीन लाखांच्या आसपास. हा आकडा ऐकून अमळनेरच्या गॅरेजवाल्या नानांनी आधी मला चहा पाजला.

सगळ्यात आधी ट्रेलर भरून कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेला. माझा अंदाज साडेचारशेचा, भरला ६२० किलो. पाणी, बॅटऱ्या आणि लोखंड यांचा हिशेब मनात कायम कमीच लागतो. ज्यांना ट्रेलर ओढायचाय त्यांनी गाडी बघायच्या आधी वजन करून घ्या, नाहीतर सगळी निवड हवेत होते. आणखी एक अडचण म्हणजे आम्ही पाहिलेल्या एकाही गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा सापडला नाही. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा असते, मी तीच मनाशी धरून चाललो. ट्रेलरची नोंदणी मात्र वेगळी लागते, आपल्या कायद्यात ते स्वतंत्र वाहन आहे. ते काम आधीच झालंय, त्यावर परत लिहीत नाही.

मी वहीत अश्वशक्ती, टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) असे रकाने आखले होते. नानांनी वही बघितली आणि म्हणाले, "वढी तं कोनबी, थांबी का ते देख." म्हणजे ओढेल कोणीही, थांबेल का ते बघ. तेव्हा हसलो. पुढचे तीन महिने त्याच एका वाक्याने गाड्या बाद करत गेलो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहिलेल्या गाड्या :

सफारी, ३.० डायकॉर, २००६ची, धुळ्यात. २९५६ सीसी, ११५ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर. जड गाडी, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), ट्रेलर ओढायला अंगकाठी अगदी हवी तशी. मन बसलं होतं. पण बॉनेटवर हात ठेवला तर इंजिन कोमट. मालक म्हणाले, सकाळी दूध आणायला गेलो होतो. मी म्हटलं, उद्या परत येतो, दूध नंतर आणा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाला स्टार्टर बराच वेळ फिरला, मग निळसर धूर. तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून फस-फस वाफ, म्हणजे इंजिन बॅक मारत होतं. पिस्टन रिंगा गेल्या की जळता गॅस खाली उतरतो, तोच हा. शिवाय १५ वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण. सोडली.

थार सीआरडीई, २०१२ची, जळगावात. २४९८ सीसीचं इंजिन छान ओढतं, चारही चाकांना जोर दिला की कुठेही चढते. पण मालकाला साडेपाच लाख हवे होते. थारच्या जुन्या किमतीत निम्मे पैसे लोखंडाचे आणि निम्मे फोटोंचे असतात असं माझं मत झालंय. आणि व्हीलबेस २४३० मिलिमीटर, सफारीचा २६५०. आखूड गाडीमागे ट्रेलर डुलायला लागला की गाडीचं ढुंगण तोच हलवतो. चिखलात खेळायला थार, ट्रेलरला लांब गाडी, इतपत मी स्वतःला समजावलं. पैसे नव्हते हे खरं कारण.

बोलेरो फोर-डब्ल्यूडी, चोपड्याकडची. मला अजूनही वाटतं हीच घ्यायला हवी होती. २५२३ सीसी, अश्वशक्ती जेमतेम ६३, पण १९५ न्यूटन-मीटर अगदी खालच्या आरपीएमला मिळतात. मागे कमानपाटे, त्यामुळे ट्रेलर जोडायच्या हुकवर वजन आलं तरी शेपूट बसत नाही. दुरुस्ती कुठल्याही गावात होते. पण पाच माणसं आणि ट्रेलर घेऊन घाटात मागे रांग लावायची माझी तयारी नव्हती. शिवाय खाली झोपून पाहिलं तर मागच्या बाजूला चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, वेल्डिंगचे ताजे टाके, वर काळा रंग. जिथे हुक बसणार नेमकं तिथेच. केळीचे घड वाहून वाहून वाकलेली असावी. ट्रेलरच्या गाडीत इंजिन बदलता येतं, चेसिसची शेपटी नाही.

एक गंमतही सांगतो. पारोळ्याजवळ 'फोर-बाय-फोर' स्टिकर लावलेली एक स्कॉर्पिओ पाहिली. खाली वाकलो तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही. मालकाला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्यांनी स्टिकरसकट घेतली होती. आरसीवरचं मॉडेल वाचा आणि गाडीखाली डोकं घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल बरेच जण विचारतात. तिथे हरित लवादाच्या २०१५च्या आदेशाने दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून चांगल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडत होत्या. मलाही एक मोह झाला. हिशेब मांडला तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, आणायचा खर्च, आणि गाडी न बघता पैसे. बचत चाळीस हजारांवर आली. चाळीस हजारांसाठी अनोळखी इंजिन घेण्यापेक्षा एमएच-१९ किंवा एमएच-१८ची (जळगाव-धुळ्याची), मालकाचं घर माहीत असलेली गाडी बरी.

फेब्रुवारीत गाडी मिळाली. स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर, २०११ची, २.२ एमहॉक, १२० अश्वशक्ती, व्हीलबेस २६८०. शिरपूरच्या एका शिक्षकांची, दुसरे मालक तेच. चेसिस कोरडी, मूळ रंगाची. थंडीत पहिल्याच सेल्फला चालू. दोष एकच, फोर-व्हीलचं बटण फिरवलं की दिवा नुसता लुकलुकायचा. सरांनी आठ वर्षांत ते बटण कधी फिरवलंच नव्हतं. मी जितका निराश चेहरा करता येईल तितका केला. चार लाखांवरून तीन पंचावन्नवर आलो.

नानांनी ट्रान्सफर केसवरची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवरची) शिफ्ट मोटार उघडली. आतले कॉन्टॅक्ट हिरवे पडलेले, ग्रीस वाळून मेणासारखं. साफसफाई, नवीन ग्रीस, एक कनेक्टर, सगळे मिळून अठराशे रुपये. इलेक्ट्रिक शिफ्टच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. न वापरल्यानेच अडकतं. महिन्यातून एकदा मातीत फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा गिअर), फोर-लो (चारही चाकं, हळू पण जोरकस गिअर) करून घ्या. फोर-व्हील खरंच लागतंय का हे पाहायचं असेल तर मोकळ्या भुसभुशीत जागेत फोर-हाय टाकून हळू, पूर्ण वळण घ्या. पुढचा अ‍ॅक्सल जोडला असेल तर गाडी अडखळल्यासारखी चालते. डांबरावर हा प्रयोग नको. या गाड्यांना मधलं डिफरन्शिअल नसतं, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक शाफ्ट आणि गिअरांवर बसतो.

मार्च हुकमध्ये गेला. बाजारात बंपरच्या ब्रॅकेटला लागणारे हुक मिळतात, ते नको. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना धरणारी आडवी चौकट फॅब्रिकेटरकडून करून घेतली, बोल्ट ८.८ ग्रेडचे, ट्रेलर अडकवायचा गोळा ५० मिलिमीटरचा. पुढचे डिस्क पॅड, मागचे ब्रेक लायनर, सगळं ब्रेक ऑइल नवीन. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे आतल्या नळ्यांची सफाई. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे ४५ अंश होतं, तेव्हा घाटात मागे वजन असताना रेडिएटरची गय करता येत नाही. सत्तरपैकी एकसष्ट हजार संपले.

आता माझी चूक. पहिल्या चाचणीला धुळ्याच्या हायवेवर साठच्या पुढे गेलो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग जोरात. ब्रेक दाबायचा मोह आवरला, पाय नुसता उचलला, तसा तो शांत झाला. हात मात्र पुढची दहा मिनिटं थरथरत होते. घरी येऊन ट्रेलरचं नाक, म्हणजे हुकवर बसणारं टोक, धान्याच्या काट्यावर टेकवलं तर अवघे २२ किलो! नाकावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं, म्हणजे माझ्यासाठी साठेक किलो. दुर्बिणीचा आरसा आणि त्याची पेटी मी अगदी मागे ठेवली होती, सोयीची म्हणून. पाण्याचे कॅन आणि बॅटऱ्या अ‍ॅक्सलच्या बऱ्याच पुढे सरकवल्या, नाक ५८ वर आलं. नंतर त्याच रस्त्यावर सत्तरलाही हलला नाही. गाडी तीच, ट्रेलर तोच.

एप्रिलच्या अमावस्येला तोरणमाळ. दोंडाईचा, शहादा, मग सातपायरी घाट. चढताना दुसरा-तिसरा गिअर, एसी बंद, तापमानाचा काटा अर्ध्याच्या किंचित वर. चढण्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच. उतरताना खरी परीक्षा होती. काहींनी सुचवलं होतं, फोर-लो टाकून उतर. कोरड्या घाटात, तेही अशा वळणांवर, ते चुकीचं, वर लिहिलेल्याच कारणासाठी. आम्ही टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर उतरलो. ब्रेक दाबून धरायचा नाही. थोडा वेळ ठासून दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. दोनदा थांबून रिमजवळ हात नेला. ब्रेक गरम होते, पण जळका वास नव्हता.

फोर-लो कामी आला तो वर, तळ्याच्या अलीकडे ट्रेलर मागे घेताना. इंच-इंच सरकतो, क्लच जळत नाही. सोबत आलेल्या भाऊंची जुनी एमएम ५४० जीप आहे, तिच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवून जोडायचे-सोडायचे हब आहेत. ते हब मोकळे ठेवून लो टाकला की फक्त मागची चाकं लो गिअरमध्ये चालतात, डांबरावरही वळता येतं. सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो म्हणून पाय हलका ठेवावा लागतो. मला त्या हबांचा हेवा वाटला. माझ्या गाडीला ती सोय नाही.

आभाळ कसं होतं ते दुसऱ्या नोंदीत. पहाटे वृश्चिक पश्चिमेकडे झुकेपर्यंत कोणी झोपलं नाही, आणि सकाळी कळण्याच्या भाकरीसोबत कालचं भरीत संपलं.

उरलेली कामं : ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (गाडी हळू झाली की ट्रेलरच्याच ढकलण्याने लागणारा) बसवायचा आहे, ७५० ची मर्यादा असो वा नसो, सातपायरी उतरल्यावर तो हवाच वाटतो. मागच्या स्प्रिंगा हुकवरच्या वजनाने बोटभर बसल्यात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांना लागतात. स्प्रिंगेत बसवायचे रबर बफर कोणी वापरले असतील तर अनुभव सांगा. पाऊस पडायच्या आत त्या ऑक्टोबरच्या पाणंदीत एक फेरी मारायची आहे, आणि पडल्यावर दुसरी. अप्पांना आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरून ठेवतो.