अविधवा नवमीची दोन पानं

"तुमच्याकडे अविधवा नवमीला दोन पानं का?" सवाष्ण म्हणून जेवायला येणारी प्रत्येक जण विचारते. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितेय.

ही नवमी पितृपक्षातली, नवरा हयात असताना गेलेल्या बायकांची. एक पान माझ्या पणजीचं, दुसरं तिच्या धाकट्या जावेचं. दोघी १९१८ साली आठ दिवसांच्या आत गेल्या. धाकटीला सातवा महिना होता. तिच्या पानाशेजारी खिरीचा एक छोटा द्रोण असतो, तो त्या बाळाचा.

ज्या साथीत त्या गेल्या तिला आमच्याकडे इन्फ्लुएंझा कुणी म्हणालं नाही. ती मानमोडी. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई पहिल्यांदा तापाने पडले. ती लाट त्यामानाने सौम्य होती, शिवाय पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. सप्टेंबरात दुसरी, खरी मारक लाट आली तेव्हा समुद्र उघडला होता. रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पण घरटी एखादा माणूस गिरणीत होता आणि आजारी पडला की तो गावाकडेच धाव घेणार. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली. सर्वपित्री नुकतीच झाली होती.

पणजोबा असेच बोटीने आले, अंगात ताप घेऊन. ते उठले. त्यांची उस्तवार करणाऱ्या दोघी आडव्या झाल्या.

हे आमच्याच घरी झालं असं नाही. या साथीने म्हातारी माणसं सोडून वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं नेली, त्यातही आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. त्या साली पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवणार आणि आजाऱ्याच्या उशाशी तीच बसणार. मला तरी यात दैव कमी आणि घराची रीत जास्त दिसते. मुंबईत दर हजारी आठ युरोपियन मेले, तर ज्यांना खालच्या जातीचे म्हणत त्यांच्यातले एकसष्टच्या वर. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. यातल्या कितीजणींचं पान कुठे वाढलं जात असेल?

आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. आईचा चेहरा त्यांना आठवत नसे. पण नवमीला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि काकूच्या पानावरही तेवढेच वडे वाढलेत ना, ते मोजून बघायचे.