गाण्यात खरंच काही दडवलेलं असतं का?

रॉक संगीतावर माझा जीव आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, या गाण्यांत खरंच गुप्त संदेश असतात का? तुम्हीही विचारलंत म्हणून आधी माझ्याच कानांची गोष्ट सांगतो.

बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' हे गाणं संपता संपता विरतं, पुन्हा वर येतं आणि तिथे बँडचा गायक जॉन लेनन काहीतरी पुटपुटतो. कॉलेजात एका मित्राने मला तो तुकडा ऐकवला, पण त्याआधी बजावलं, "नीट ऐक. मी पॉलला पुरलं, असं म्हणतोय तो." पॉल म्हणजे बँडमधला त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनी. मला तेच ऐकू आलं. अंगावर काटा आला. पुढे वाचनात आलं की आपण तिथे 'क्रॅनबेरी सॉस' म्हटल्याचं खुद्द लेननने सांगितलं होतं. गाणं पुन्हा लावलं, तर स्वच्छ क्रॅनबेरी सॉस! गाणं तेच, कानही तेच. या वेळी मनात शब्द तेवढे वेगळे होते.

१९८५ साली जॉन व्होकी आणि डॉन रीड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना उलटं वाजवलेलं बोलणं ऐकवलं. त्याचा अर्थ कुणाला आपणहून लागेना. पण 'अमुक शब्द सापडतात का पाहा' असं सांगितल्यावर बहुतेकांना ते सापडले. मूळ बोलण्यात ते नव्हतेच. हे वाचलं तेव्हा मित्राचं ते "नीट ऐक" आठवलं.

पॉल मॅकार्टनी मेला आणि त्याच्या जागी तोतया आणला, ही अफवा अशीच फोफावली. ऑक्टोबर १९६९ मध्ये डेट्रॉईटच्या एका रेडिओ केंद्रावर श्रोत्याचा फोन आला, दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात फ्रेड लाबोरने पुराव्यांची यादी छापली. त्यातले कित्येक पुरावे त्याने स्वतःच रचलेले होते! बीटल्सच्या 'ॲबी रोड' या अल्बमच्या मुखपृष्ठावर पॉल अनवाणी आहे, म्हणजे प्रेत. मागच्या गाडीच्या पाटीवर '२८ आयएफ' (इंग्रजीत 'इफ', म्हणजे 'जर'), म्हणजे जगला असता तर अठ्ठावीसचा. तेव्हा त्याचं वय सत्तावीस होतं, पण हिशेब जुळवायचाच म्हटल्यावर तोही जुळवला गेला.

तरी या चाहत्यांना वेडं म्हणणं मला जमत नाही. एकेक तबकडी मांडीवर घेऊन तासन्‌तास ऐकणारी ती माणसं होती, इतकं मन लावून ऐकणं दुर्मीळच. आणि कलाकारही कधीकधी खरंच काही ठेवून देतात. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द वॉल' या अल्बममध्ये उलटा ध्वनिमुद्रित केलेला संदेश आहे: गुप्त संदेश सापडल्याबद्दल अभिनंदन. लेननने तर अर्थ शोधणाऱ्यांना चकवायला 'ग्लास अनियन' हे गाणं लिहिलं.

पण जूडास प्रीस्ट या बँडवरचा खटला आठवला की मन जड होतं. मुलं गमावलेल्या घरच्यांना वाटलं की गाण्यात लपवलेल्या 'डू इट' या दोन शब्दांनी त्यांना मरणाकडे ढकललं. १९९० साली अमेरिकेतल्या रीनो इथल्या न्यायाधीशाने निकाल दिला की ते शब्द म्हणजे आवाजांचा योगायोग होता, गायकाचा उच्छ्वास आणि गिटार एकत्र आल्याने घडलेला. घरच्यांच्या दुःखाला त्या निकालात उत्तर नव्हतं.

मला सगळ्यात जास्त चटका लावते ती एक मुलाखत. पॉल जिवंत आहे हे जगाला दाखवायला 'लाइफ' मासिकाची माणसं स्कॉटलंडमधल्या त्याच्या शेतावर गेली. नोव्हेंबर १९६९ च्या अंकात तो बायको-मुलींसह मुखपृष्ठावर झळकला. आत त्याने सरळ, साध्या शब्दांत सांगितलं होतं की बीटल्स आता संपलं. उलटं वाजवायची गरज नव्हती, भिंग लावायची नव्हती. त्या वाक्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. लोक थक्क झाले ते पुढच्या एप्रिलमध्ये, फुटीची बातमी छापून आल्यावर.