डाव्या भिंतीवरची पांढरी रेघ

सोमवार, ९ नोव्हेंबर २०२०. सकाळी फायझरची लस ९० टक्क्यांहून जास्त परिणामकारक असल्याची बातमी आली आणि आमच्या हृदयविभागात मार्चनंतर पहिल्यांदा कुणीतरी मोकळेपणाने हसल्याचं ऐकू आलं. संध्याकाळी साडेसहाला मी एमआरआय वाचायच्या अंधाऱ्या खोलीत बसले तेव्हा यादीत पाच नावं होती. त्यांतली तीन विद्यापीठाच्या फुटबॉल संघातली.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, शाहू स्टेडियमवरचा, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की निम्म्या शहराला दुसरं काही न सुचणारा. बाबा पाटाकडीलचे. अमेरिकेतल्या मिडवेस्टमध्ये नोकरीला आले तेव्हा इथला फुटबॉल वेगळाच निघाला. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर कवच, आणि दर डावाला समोरासमोर वाकून बसलेले सव्वाशे-दीडशे किलोचे लाइनमन, जे चेंडू मागे दिला जाताच एकमेकांवर आदळतात. पण वेड तेच. शेजारच्या मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. आणि ही सगळी कॉलेजातली पोरं, अठरा ते बावीस वर्षांची. त्यांच्या जोरावर टीव्हीचे करार होतात, प्रशिक्षकांना लाखो डॉलर पगार मिळतो. त्यांना स्वतःला २०२० मध्ये शिष्यवृत्ती मिळत होती, पगार नाही.

त्या वर्षी खेळायचं की नाही यावर उन्हाळाभर रणकंदन माजलं. आयव्ही लीग या जुन्या विद्यापीठांच्या क्रीडागटाने ८ जुलैलाच शरद ऋतूतले खेळ बंद केले. आमचं विद्यापीठ ज्या बिग टेन गटात आहे, त्याने ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ गटानेही त्याच दिवशी तसंच ठरवलं. दक्षिणेतला एसईसी गट मात्र खेळण्यावर ठाम राहिला. खेळाडूंमध्येही दोन मतं होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या पोरांनी सुरक्षेच्या अटी मांडून अटी मान्य नसतील तर खेळणार नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्ससारखे नामांकित खेळाडू ‘आम्हाला खेळायचंय’ म्हणून पुढे आले. पालक रस्त्यावर आले, खटलाही झाला. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला.

मला ऑगस्टचा निर्णय पटला होता आणि सप्टेंबरचा पटला नव्हता. आजही त्याबद्दल लपवण्यासारखं काही नाही. त्या ऑगस्टमध्ये हृदय हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता, आणि त्याला कारण होतं. जुलैत जर्मनीतल्या एका अभ्यासात कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष दिसला. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) एदुआर्दो रोद्रिगेझ २७ वर्षांचा, धडधाकट, आणि मायोकार्डायटिसमुळे त्याचा हंगाम संपला. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. अशा सुजलेल्या स्नायूवर कठोर व्यायामाचा ताण पडला तर ठोके एकदम बिघडू शकतात, आणि तरुण खेळाडू मैदानावर कोसळून जाण्याची जी कारणं आम्ही शिकतो त्यांत हे एक आहे. सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी २६ खेळाडूंचे एमआरआय छापले. चौघांमध्ये मायोकार्डायटिसची चिन्हं होती. बहुतेकांना कोविडचा त्रास जेमतेम झाला होता.

म्हणून खेळायचं ठरवताना बिग टेनने जे नियम केले, ते तेव्हा देशातल्या सर्वांत कडक नियमांपैकी होते. रोज सरावाआधी प्रत्येकाची अँटिजेन चाचणी. संघातलं बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेलं तर किमान सात दिवस सराव-सामने बंद. बाधित खेळाडू किमान २१ दिवस सामन्याबाहेर, आणि परत येण्याआधी त्याचं रक्त, ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय. लक्षणं असोत वा नसोत. स्टेडियममध्ये प्रेक्षक नाहीत, फक्त घरचे लोक. पहिल्याच आठवड्यात विस्कॉन्सिनने इलिनॉयला ४५-७ने हरवलं, आणि लगेच संघात इतके बाधित निघाले की त्यांचे पुढचे दोन सामने रद्द झाले.

तर त्या रात्रीच्या यादीतलं तिसरं नाव एका लाइनमनचं होतं. वय १९. ऑक्टोबरच्या अखेरीस बाधित. लक्षण एकच, दोन दिवस वास नव्हता. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ठीक, ईसीजी ठीक, इको ठीक. मशीनमध्ये त्याचे खांदे मावेनात म्हणून तंत्रज्ञाने त्याला दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले होते. पाऊण तास तो त्या बोगद्यात पडून सांगितल्याप्रमाणे श्वास सोडत होता, रोखत होता. सगळी चित्रं स्वच्छ. श्वास धरण्यात ही पोरं तरबेज असतात.

हृदयाच्या एमआरआयमध्ये शेवटची चित्रं महत्त्वाची. शिरेतून गॅडोलिनियम देतात, दहा-पंधरा मिनिटं थांबतात. निरोगी स्नायूतून ते वाहून जातं आणि स्नायू काळा दिसतो. जिथे इजा आहे तिथे ते रेंगाळतं आणि पांढरं दिसतं. हार्ट अटॅकचा व्रण आतल्या अस्तराकडून सुरू होतो. मायोकार्डायटिसचा बहुधा बाहेरच्या अंगाला, डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाजूच्या भिंतीत. मी चित्रं पुढे-मागे करत होते आणि नेमक्या त्या जागी एक रेघ होती. बारीक, नखाच्या कडेएवढी. दुसऱ्या कोनातून बघितली. होती. सूज दाखवणारा टी-२चा नकाशा उघडला. तिथला आकडा वाढलेला.

हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्या एका चित्रासमोर चाळीस मिनिटं बसले होते. कारण रोज चार तास घाम गाळणाऱ्या माणसाचं हृदय आपल्यासारखं नसतं. ते मोठं असतं, भिंत जाड असते, आणि दोन कप्पे जिथे जुळतात तिथे एखादा पांढरा ठिपका धावपटूंमध्ये एरवीही सापडतो. एकही तक्रार नसलेल्या हजारभर खेळाडूंना कुणी याआधी एमआरआयमध्ये घातलंच नव्हतं, मग नेहमीचं काय आणि नवं काय हे कशाशी ताडून बघणार? ठिपका असता तर मी सोडला असता. ही रेघ त्या जागची नव्हती, आणि सोबत सूज होती. दुसऱ्या राज्यातल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला नाव झाकून चित्रं पाठवली. त्यांचा फोन आला, “तुला जे वाटतंय तेच मलाही वाटतंय. पण मे महिन्यात हीच रेघ तिथे नव्हती, हे आपल्याला माहीत नाही.”

तोवर उन्हाळाभर मी ‘साथीत फुटबॉल खेळता येईल का’ यावर घरात, विभागात, झूमवर तावातावाने बोलले होते. त्या खोलीत तो प्रश्न उरलाच नाही. या एका मुलाला खेळता येईल का, एवढंच उरलं. मी अहवालात ‘मायोकार्डायटिसशी सुसंगत’ असं लिहिलं. याचा अर्थ तीन ते सहा महिने पळायचं नाही, वजनं उचलायची नाहीत, जिना चढतानाही बेतानं.

असा निकाल फोनवर सांगू नये असं मला वाटतं. मंगळवारी दुपारी तो आला. दार त्याच्यापुढे लहान दिसत होतं. त्याने आईला स्पीकरवर घेतलं. ती आयोवातल्या एका लहान गावात मांस कापण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला होती आणि नुकतीच उठली होती.

मी पडद्यावर रेघ दाखवली. तो पुढे झुकून बघत राहिला.

“ही?”

“ही.”

“मला काहीच होत नाहीये, डॉक्टर. शुक्रवारी खोलीत शंभर जोर मारले.”

“यापुढे मारायचे नाहीत.”

“चाचणी केली नसती तर कळलं असतं?”

“नाही.”

“मग या शनिवारनंतरच्या शनिवारी मी खेळलो असतो.”

“हो.”

त्याने विचारलं, खेळलो असतो तर काय झालं असतं. मी खरं ते सांगितलं. बहुतेक काहीच झालं नसतं. पण ज्याला होतं त्याला दुसरी संधी नसते, आणि तू कोणत्या बाजूचा हे आधी सांगायचं साधन माझ्याकडे नाही. त्याने मान हलवली. मला वाटलं रडेल. तो शिष्यवृत्तीबद्दल विचारू लागला. ती जाणार नव्हती, आणि एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने ऑगस्टमध्येच त्या हंगामाचं वर्ष कुणाच्याही खेळायला मिळणाऱ्या वर्षांच्या हिशेबात धरायचं नाही असं ठरवलं होतं. ते ऐकल्यावर त्याचे खांदे जरा उतरले.

आई इतका वेळ गप्प होती. मला वाटलं तिला धक्का बसला असेल. मग ती म्हणाली, “डॉक्टर, मला एप्रिलमध्ये झाला होता. आमच्या पाळीतल्या पुष्कळ जणांना झाला. दोन आठवड्यांनी कामावर बोलावलं. माझं हृदय कुणी बघितलं नाही. मी दिवसाला दहा तास उभी असते, मांसाचे मोठे तुकडे उचलते. मी पण थांबायला हवं का?”

मुलगा खाली बघत होता.

मी तिला विचारायचं ते विचारलं. छातीत दुखतं का, धडधड होते का, चक्कर येते का, जिन्यावर दम लागतो का. दम लागत होता, पण तो आधीपासून होता की एप्रिलपासून, हे तिला सांगता येईना. मी म्हटलं, आधी ईसीजी करून घ्या, तुमच्या डॉक्टरांसाठी मी चिठ्ठी देते. ती म्हणाली, सुट्टी मिळाली तर करते. त्या वसंतात देशभरातले मांसाचे कारखाने कोविडने घेरले होते, आणि २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांना अत्यावश्यक ठरवून चालू ठेवण्यात आलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं की खेळायचंय की नाही.

त्या दिवसापासून माझं मत वेगळंच झालं. बदललं असं नाही म्हणणार. साथीत फुटबॉल खेळता आला, कारण त्याला जे लागेल ते सगळं पुरवलं गेलं. रोजची चाचणी, माझ्यासारखे तज्ज्ञ, रात्री आठपर्यंत चालणारं मशीन. हे बघून मला राग येतो, पण या पोरांना ते मिळायला नको होतं असं मी कधीच म्हणणार नाही. ते मिळालं म्हणून ती रेघ दिसली. राग याचा की विद्यापीठाच्याच गावात शाळेतल्या बाईंना चाचणीच्या निकालासाठी चार-चार दिवस थांबावं लागत होतं, आणि आमच्याच वॉर्डातल्या नर्सेस घसा दुखला तर अंदाजाने घरी बसत होत्या.

त्या आठवड्यात एसईसीचे चार सामने पुढे ढकलले गेले, आमच्या गटातला ओहायो स्टेट-मेरीलँड रद्द झाला. शनिवारी, १४ तारखेला लक्ष्मीपूजन होतं. बाबांचा फोन आला, “काय गं, तुमच्यात फुटबॉल जोरात म्हणं? हितं शाहू स्टेडियमला कुलूप आहे बघ.” मी त्यांना मुलाचं नाव-गाव काही न सांगता सगळी हकिगत सांगितली. त्यांचं तरुणपण तालमीत गेलेलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैलवानाला आखाड्यात उतरू नको म्हणणं लई अवघड असतं, बाळ. आणि त्याच्या आईचं काय झालं?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात आमच्या गटातल्या १३ विद्यापीठांचा हिशेब छापून आला. १,५९७ खेळाडूंचे एमआरआय, ३७ जणांना मायोकार्डायटिस, म्हणजे २.३ टक्के. आधी वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच कमी, आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण छातीच्या तक्रारी असणाऱ्यांचेच एमआरआय केले असते तर त्या ३७ पैकी फक्त ५ सापडले असते. यातल्या उरलेल्या ३२ जणांचं आम्ही भलं केलं, की काहींचा हंगाम विनाकारण घालवला, यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद होतो. एनएफएल या इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या नोंदींतून तोवर हेही दिसलं होतं की लागण मुख्यतः एकत्र जेवताना, बैठकांत, गाडीतून जाताना होत होती.

त्या मुलाचा दुसरा एमआरआय फेब्रुवारीत झाला. सूज पूर्ण उतरली होती. रेघ होती, पहिल्यापेक्षा फिकी. व्यायामाची चाचणी स्वच्छ, चोवीस तासांचा ईसीजी स्वच्छ. हळूहळू सरावाला सुरुवात करायला हरकत नाही, असं आम्ही मिळून ठरवलं.

त्या दिवशी त्याची आई रात्रपाळी संपवून थेट गाडी चालवत आली होती. रुग्णालयात सोबतच्यांना तेव्हा प्रवेश नव्हता, म्हणून ती पार्किंगमध्ये थांबली होती. नोव्हेंबरमध्ये तिने ईसीजी काढून घेतला होता, तो ठीक होता. पुढच्या तपासणीला विम्याने मंजुरी दिली नव्हती. निकाल तिला स्वतः सांगावा म्हणून मी कोट चढवून खाली गेले. बर्फ पडून गेलं होतं. गाडीत ती सीट मागे टाकून झोपली होती, मास्क हनुवटीवर, हात छातीवर. मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि तिचा श्वास वर-खाली होताना बघत थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग टकटक केली.