वीस युरो आणि बेचाळीस हजार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे दादाचे बँडवाले मित्र, दोन मावश्या, एक आतेभाऊ आणि इथल्या मराठी गणपतीत भेटणारे ते एक काका, ज्यांना ही गोष्ट कुणी सांगितली हे मला अजून कळलेलं नाही. प्रश्न एकच, शब्द वेगवेगळे. आतेभावाने तो सगळ्यात उघड विचारला, "सख्ख्या भावाची गिटार बेचाळीस हजारांत फुंकून टाकलीस आणि कुठल्या आयरिश माणसाच्या गिटारीला वर्गणी देतेस?"

दिली. वीस युरो दिले. पुन्हा कुणी मागितले तर पुन्हा देईन, असं तेव्हा चिडून म्हणालेही. आता तितक्या जोरात म्हणवत नाही.

आधी वीस युरोंचं सांगते. मी राहते त्या आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गिटारवादक रोरी गॅलहर (आपण गॅलाघर वाचतो, इथे तो 'घ' कुणी उच्चारत नाही) हा घरचा माणूस आहे. पॉल स्ट्रीटजवळ त्याच्या नावाचा छोटासा चौक आहे. १९६३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने इथल्या क्राउलीज या वाद्यांच्या दुकानातून १९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, थोडक्यात स्ट्रॅट, हप्त्यांवर घेतली. किंमत शंभर पौंड. ती मागवलेली होती दुसऱ्याच एका वादकासाठी. त्याला हवी होती लाल आणि आली सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेकडेने काळपट होत जाणारी. लाल आल्यावर त्याने ही दुकानात परत आणून ठेवली. या एकाच गिटारीवर ऱ्हिदम (साथ) आणि लीड (मुख्य सूर) दोन्ही वाजवता येतं, म्हणजे दुसऱ्या गिटारवाल्याचा खर्च वाचेल, असं रोरीने आईला पटवलं. दादाने आमच्या आईला हेच सांगितलं होतं. फक्त दादाकडे तेव्हा बँड नव्हता.

१९६६ मध्ये डब्लिनला ती व्हॅनमधून चोरीला गेली आणि काही दिवसांनी रस्त्याकडेच्या चरात सापडली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं रोरीने ती घामाने भिजवली. रंग असा गेला की आता बहुतेक उघडं लाकूडच दिसतं. नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, घाम पिऊन वाकायची, मग ती काढून वाळत ठेवायची. खुंट्याही बदललेल्या, सगळ्या एका जातीच्या नाहीत. १४ जून १९९५ ला तो लंडनमध्ये गेला, यकृत बदलल्यानंतर, सत्तेचाळिसाव्या वर्षी. गिटार धाकट्या भावाकडे राहिली. हा डोनल त्याचा मॅनेजर. त्याने ती एकोणतीस वर्षं सांभाळली आणि २०२४ मध्ये बाकीच्या गिटारी-ॲम्पांसकट बोनहॅम्सकडे लिलावाला दिली.

गावात हळहळ. ज्या दुकानातून ती गेली त्या दुकानदाराच्या मुलीनेच ती परत आणण्यासाठी ऑनलाइन वर्गणी सुरू केली. आमच्या लॅबमधल्या एकाने लिंक पाठवली, मी जेवणाच्या सुट्टीत वीस युरो टाकले. टाकताना दादा वगैरे काही मनात नव्हतं. सगळे टाकत होते, मी टाकले. मनात आलं ते नंतर, कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणालं तेव्हा, "भावाने तरी विकायला नको होती." मी कप घेऊन जागेवर येऊन बसले. एकोणतीस वर्षं! मी दहा महिनेसुद्धा काढले नव्हते.

आता २०१९ चं, कारण दादाच्या मित्रांना ते पाठ आहे आणि तेच माझ्या तोंडावर फेकलं जातं. २० जूनला न्यू यॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरच्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या. एकूण जवळजवळ २ कोटी १५ लाख डॉलर. त्यातली काळी स्ट्रॅट, 'मनी' आणि 'कम्फर्टेबली नम्ब'वाली, एकटी ३९ लाख ७५ हजारांना गेली. अंदाज होता एक ते दीड लाखाचा. अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाचे मालक जिम अर्से यांनी ती घेतली. सगळे पैसे गिल्मोरने क्लायंटअर्थला दिले, हवामानासाठी कोर्टात भांडणारी संस्था. दादाने पुण्याहून फोन केला तो रडवेल्या आवाजात. मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मूळ काय उरलंय रे तिच्यात?" मी म्हणाले. हे सगळं मला त्यानेच वर्षानुवर्षं ऐकवलेलं होतं: बॉडी १९६९ ची, मूळची सनबर्स्ट, वरून काळा रंग. नेक किती वेळा बदलली. मधे कॅलर कंपनीचा ब्रिज (तारा टेकतात तो धातूचा भाग) बसवायला लाकूड कोरलं, नंतर ते बुजवलं. काही वर्षं तर हार्ड रॉक कॅफेत टांगून होती. "लाकूड आहे, दादा. बिचाऱ्याने विकून चांगल्या कामाला दिलं. घरसुद्धा विकून बेघरांना दिलं होतं त्याने. तुझं काय गेलं?"

तो म्हणाला, "तुला गिटार कळत नाही, ठीक आहे. पण माणूसही कळत नाही तुला." आणि फोन ठेवला. महिनाभर अबोला होता. आमच्यात तो नवा नव्हता.

आजही मला वाटतं की गिल्मोरच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. फक्त त्यावरून एक गोष्ट मी सोयीस्करपणे चुकीची शिकले. गिल्मोरने स्वतःची विकली होती.

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मी येऊ शकले नाही, तेही माहीत आहे. मी पुण्याला पोचले ते २०२२ च्या फेब्रुवारीत, आणि आठव्या दिवशी जाहिरात टाकली.

गिटार जपानी फेंडर स्ट्रॅट, काळी, ऐंशीच्या दशकातली. मुंबईच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकाकडून त्याने १९९४ मध्ये अठरा हजारांना घेतलेली. जिथे उजवा हात टेकतो तिथला रंग उडून खालचं लाकूड उघडं पडलं होतं, तळहाताएवढं. मी फोटो काढले, पंचावन्न हजार लिहिले. मग सुरू झालं. "लास्ट प्राइस?" "पिकअप ओरिजिनल का?" "बिल आहे का?" "एक्स्चेंज कराल का, माझ्याकडे कीबोर्ड आहे." एकाने त्या उडालेल्या रंगाभोवती लाल गोल काढून फोटो मलाच परत पाठवला: "ताई, हे डॅमेज आधी सांगायला हवं होतं." ते डॅमेज म्हणजे सत्तावीस वर्षांचा दादाचा हात होता. मी उत्तर दिलं, "हो, त्याचे कमी करू."

शेवटी साताऱ्याचा एक मुलगा आला, बावीस-तेवीस वर्षांचा, मित्राला घेऊन, बाइकवर छोटा ॲम्प बांधून. बूट बाहेर काढले, आईला नमस्कार केला. आईने चहा टाकला. पोरगा हुशार होता. आधी वाजवायला बसला नाही. नेक डोळ्यासमोर धरून बाक बघितला, एकेक खुंटी फिरवली, मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि म्हणाला, "मागचं कव्हर उघडू का? आतलं बघायचंय, बदललंय का."

मागच्या बाजूला स्प्रिंगांची खोबण असते. ती उघडली तर आत, ब्रिजचा लोखंडी ठोकळा आणि लाकूड यांच्या मधे, गोलसर लाकडाचा एक तुकडा घट्ट बसवलेला. एका बाजूने घासून सपाट केलेला. मुलगा म्हणाला, "ब्रिज हलू नये म्हणून लावतात. पण कसला तुकडा आहे हा?"

आई चहाचे कप घेऊन उभी होती. वाकून बघत म्हणाली, "हे माझं लाटणं."

ते लाटणं आमच्या घरात दंतकथा झालेलं होतं. बाबांच्या बदलीच्या सामानात हरवलं, कामवाल्या बाईने नेलं, मावशीकडे राहिलं, सगळ्यांवर आळ घेऊन झाले होते. मावशीशी तर आई त्यावरून एक दिवाळी बोलली नव्हती. त्या सबंध काळात ते शेजारच्या खोलीत गिटारीच्या पोटात होतं, टोकाकडून तीन बोटं कापलेलं. उरलेल्याचं त्याने काय केलं देव जाणे. आई हसायला लागली. मग मित्र हसला, मग मुलगा. मी हसले नाही. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. सत्तावीस वर्षं हा माणूस जेवायला बसून आईचं लाटणं-पुराण ऐकत होता आणि आमटी ओरपत होता!

आईने विचारलं, "काढता येतं का रे ते?"

"काढता येईल काकू, पण ट्यूनिंग जाईल. ब्रिज पुन्हा सेट करायला लागेल."

"मग राहू दे," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळलं होतं. कळलं नाही असं मी इतकी वर्षं सांगत आले, पण कळलं होतं. ती विचारत होती की राहू देऊ या का, गिटारच राहू देऊ या का. मी मुलाला म्हणाले, "किती देतोस?"

तो सत्तेचाळीसवर आलेला होता. रंगाचे तीन हजार आणि 'घरगुती ब्लॉक'चे दोन हजार वजा करून बेचाळीस म्हणाला. मी हो म्हणाले. घासाघीस केली नाही. याचाही माझ्यावर राग आहे बऱ्याच जणांचा, की किमान भांडायचं तरी होतंस. मग त्याने ॲम्प लावून वाजवली. बरी वाजवली, फार चांगली नाही. दादाही फार चांगलं वाजवत नव्हता, हे त्याचे मित्र कबूल करणार नाहीत, पण रोज ऐकणाऱ्याला कळतं. पैसे मोबाइलवर आले. दोघं गेले. आई कप विसळताना एवढंच म्हणाली, "लाटण्यासकट गेली."

का विकली, याची उत्तरं मी आजवर बरीच दिली आहेत. पावसाळ्यात बुरशी येते. आईला एकटीला ते बघवत नाही. वाद्य वाजतं असावं, कपाटात मरू नये. तिन्ही खोटी नाहीत. पण आईने कधीच तसं म्हटलं नव्हतं. आणि वाजतं असावं असं वाटत होतं तर त्याच्या ड्रमवाल्या मित्राच्या मुलाला देता आली असती. तो शिकत होता आणि मला ते माहीत होतं.

खरं कारण असं की मला वसुली करायची होती. त्या बंद पडलेल्या स्टुडिओसाठी मी दादाला इथून तीन वेळा पैसे पाठवले होते. ते परत आले नाहीत, त्यांचा विषयही निघाला नाही. तो गेला तेव्हा मी विमानात बसू शकले नाही आणि दहा महिने लोकांनी मला फोनवर सांगितलं की तो किती मनस्वी होता. घरात त्याची पैसे होतील अशी एकच वस्तू होती. आणि पैसे झाल्यावर काय केलं? गिल्मोरसारखं काही नाही. सोळा हजार सोसायटीची थकबाकी भरली. उरलेले कुठे गेले ते आठवत नाही. विकल्याची लाज मला कधी वाटते, कधी नाही. या न आठवण्याची मात्र नेहमी वाटते.

१७ ऑक्टोबर २०२४ ला रोरीची स्ट्रॅट ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली. आयर्लंडमधल्याच लाइव्ह नेशन गेइटी या कंपनीने ती घेऊन राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, त्यामुळे गाव खूश झालं आणि डोनलबद्दल कुणी काही बोलेनासं झालं. लॅबमध्ये केक आला. मी तो खाल्ला. जो रंग उडालेला असल्यामुळे ती गिटार फोटोतही कुणाला ओळखू येते, तसल्याच रंगाचे मी तीन हजार कमी केले होते, हा विचार केक खाताना आला. तो फारसा न्याय्य नाही. रोरी रोरी होता, दादा कोथरूडच्या हॉलमध्ये ऐंशी माणसांसमोर वाजवायचा. पण विचार आला तो आला.

आता गेल्या महिन्याचं, जे तुम्हाला माहीत नाही. त्या साताऱ्याच्या मुलाचा मेसेज आला. नंबर माझ्याकडे राहिला नव्हता, त्याच्याकडे होता. नोकरीसाठी बाहेर चाललाय, गिटार काढायची आहे, पासष्ट हजार मागतोय. "ताई, तुमच्या भावाचं नाव आणि बँडचं नाव सांगाल का? जाहिरातीत लिहायचंय. हिस्ट्री असली की किंमत येते."

मी नाव कळवलं. बँडची दोन नावं होती, दोन्ही कळवली. कुठल्या साली घेतली, कुणाकडून, कुठे कुठे वाजली, जेवढं आठवलं तेवढं लिहीत गेले. दोन पानं झाली. दादाबद्दल एवढं मी त्याच्या मित्रांनाही कधी लिहिलं नव्हतं. त्याने अंगठा पाठवला. मग लिहिलं, "तुम्हाला परत हवी असेल तर साठ." त्यावर मी काहीच लिहिलं नाही, तर अर्ध्या तासाने आणखी एक आला.

"लाटण्याचं पण लिहू का?"

आईला विचारून सांगते, असं कळवलंय. अजून विचारलेलं नाही.