नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम: ठाण्याहून जाऊन आलो, त्याची हकिगत

ठाण्याहून निघताना लोकलची पाटी नीट वाचा. नेरूळ किंवा पनवेल गाडी हवी. वाशी लोकल तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते आणि तुम्हाला गाडी बदलावी लागते. रविवारचा सामना असेल तर मेगाब्लॉक आहे का तेही आदल्या दिवशीच बघा.

आम्ही गेलो होतो महिला प्रीमियर लीगच्या सामन्याला. सोबत भाची, जी स्वतः ऑफस्पिन टाकते आणि मला क्रिकेटमधलं काही कळत नाही असं मानते. नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षासाठी ही झुंबड! सरळ चालत सुटलो आणि तेच बरं झालं.

हे मैदान एका विद्यापीठाचं. ४ मार्च २००८ ला उद्घाटन झालं, आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे स्वस्तातल्या तिकिटावरही खेळपट्टी आडोशाविना दिसते. पहिल्याच वर्षी आयपीएलची अंतिम लढत इथे झाली, राजस्थानने चेन्नईला हरवलं. २०१० ला पुन्हा फायनल, चेन्नई जिंकली, मुंबई हरली (ठाणेकरांनी ती आठवण काढू नये). मधल्या २००९ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना ठरला होता, तो पावसाने एकही चेंडू न पडता धुऊन नेला.

माझं म्हणाल तर या मैदानाचं नशीब फळफळलं ते बायकांच्या खेळामुळे. महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना इथेच, ४ मार्च २०२३ ला, म्हणजे बरोबर उद्घाटनाच्या तारखेला. त्याच वर्षी डिसेंबरात भारताने इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी लोळवलं. दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. आणि २०२५ चा विश्वचषक! उपांत्य फेरीत ३३९ धावांचा पाठलाग, आपली जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. जेमिमा कुठे उभी होती, दीप्तीने शेवटची विकेट कुठल्या टोकाकडून काढली, हे भाची मला बोट दाखवून सांगत होती. समोर चाललेल्या सामन्याकडे तिचं अर्धंच लक्ष.

फुटबॉलही इथे भरपूर झालाय. मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची २०२२ ची फायनल इथलीच, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. कोल्डप्लेचे कार्यक्रम तर सगळ्यांना माहीत आहेत. त्या दिवसांत सायन-पनवेल रस्त्याचं नावही नको.

आता कामाचं. तिकिटावरचा गेट नंबर पाहूनच वळा, चुकीच्या बाजूला गेलात तर अख्खं स्टेडियम वळसा घालावं लागतं. बॅग नेऊच नका. पाण्याची बाटली आणि पॉवर बँक दारातच अडवतात. आतलं खाणं महाग, तेव्हा नेरूळलाच वडापाव खाऊन घ्या. रात्री दव पडतं, दुसऱ्या डावात चेंडू निसटतो, म्हणून नाणेफेक कोण जिंकतं ते महत्त्वाचं, ती चुकवू नका. परतीची ठाणे लोकल किती वाजता सुटते ते आधीच बघून ठेवा. शेवटच्या चेंडूनंतर गर्दीतून स्टेशन गाठायला जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.