सालामांकात मराठीतून स्पॅनिश

2023 च्या जून महिन्यात आषाढी एकादशीचा उपवास सोडल्यानंतर दुसऱ्याच रात्री मी मुंबईहून स्पेनला निघाले. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गातून स्पॅनिशची सुरुवात केली, दोन पातळ्या पार केल्या आणि मग अडले, कारण लिहिलेले कळत असे, पण समोरचा माणूस बोलू लागला की तिसऱ्या शब्दाला माझी गाडी रुळावरून उतरत असे. स्पॅनिश कविता इंग्रजीचा आधार न घेता सरळ मराठीत आणावी, ही इच्छा जुनी होती. म्हणून सालामांका विद्यापीठाच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला चार आठवड्यांसाठी नाव घातले. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ, आणि आषाढात आपली महाविद्यालये नुकतीच सुरू झालेली असतात. त्यामुळे बिनपगारी रजा घ्यावी लागली आणि ‘मराठीच्या बाईंना स्पॅनिश कशाला?’ या प्रश्नाला निदान वीस वेळा उत्तर द्यावे लागले.

अभ्यासक्रमाच्या प्रवेशापेक्षा व्हिसाचे काम जास्त वेळखाऊ ठरले. अभ्यासक्रम 90 दिवसांच्या आतला असल्यामुळे विद्यार्थ्यांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागत नाही, अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा पुरतो. विद्यापीठाचे प्रवेशपत्र, राहण्याच्या सोयीचे पत्र, किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि महाविद्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र एवढे सगळे मी एप्रिलमध्येच जमवले होते. अडचण आली ती नावाची. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, पदव्यांवर माहेरचे, आणि रजेच्या पत्रावर कार्यालयातील लेखनिकाने दोन्हींचे मिश्रण करून टाकलेले. राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर जोडून दुसऱ्यांदा मुंबईला जावे लागले. हे लिहून ठेवण्याचे कारण एवढेच की आपल्याकडच्या बहुतेक विवाहित स्त्रियांच्या कागदपत्रांत ही गाठ असते, आणि ती भेटीची वेळ घेण्यापूर्वीच सोडवून ठेवलेली बरी. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटापट भरून जातात. माझा पासपोर्ट हाती आला तेव्हा निघायला नऊ दिवस उरले होते.

नावाने तिकडेही पाठ सोडली नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, आणि लग्नानंतर बाई ती बदलत नाही. अर्जात पहिल्या आडनावाची आणि दुसऱ्या आडनावाची अशा दोन चौकटी होत्या. मी आपल्या पद्धतीने पहिल्या चौकटीत मधले नाव, म्हणजे नवऱ्याचे नाव, लिहिले होते. परिणाम असा झाला की चार आठवडे हजेरीपटावर, ग्रंथालयाच्या कार्डावर आणि उपाहारगृहाच्या यादीत मी माझ्या नवऱ्याच्या नावाने वावरले. ही बातमी मी घरी कळवली तेव्हा तिकडे फार आनंद झाला.

सोमवारी, 3 जुलैला, वर्ग सुरू झाले. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून पातळी ठरवण्याची परीक्षा देत होते. लेखी बरी गेली. तोंडी परीक्षेत, तुम्ही काल काय केले, एवढ्या साध्या प्रश्नावर मी गप्प झाले. भारतात मी जी पातळी उत्तीर्ण झाले होते त्याच वर्गात, म्हणजे अ2 या दुसऱ्या पातळीत, मला पुन्हा बसवण्यात आले. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे जरा लागते. वर्गात अमेरिकन मुले सर्वांत जास्त होती, शिवाय दोन जपानी मुली, एक तैवानी अभियंता आणि एक ब्राझीलचे निवृत्त गृहस्थ होते, जे पोर्तुगीजच थोडी वाकवून बोलत आणि तरी सर्वांना समजत.

पहिले आठ-दहा दिवस मी वाया घालवले असे आज वाटते. आम्ही परकी भाषा शिकतो ती इंग्रजीच्या खिडकीतून. शब्दकोश इंग्रजी, व्याकरणाच्या टिपा इंग्रजी, त्यामुळे डोक्यातले वाक्यही आधी इंग्रजीत तयार होते. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य शिकवताना आमच्या शिक्षिकेने अमेरिकन मुलांसाठी पाऊण तास खर्च केला. येथे कॉफी हा कर्ता आहे, क्रियापद कॉफीप्रमाणे चालते, आवडणारा माणूस चतुर्थीत जातो, हे त्यांना काही केल्या पटेना. मीही त्यांच्याबरोबर भुवया उंचावून तो नियम वहीत उतरवून घेत होते. ‘मला कॉफी आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ ही वाक्ये मी जन्मभर बोलत आले आहे, आणि स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’चे ‘मे गुस्तान’ नेमके त्याच कारणाने होते, ही गोष्ट त्या पाऊण तासात माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

डोळे उघडले ते वर्गात नव्हे, स्वयंपाकघरात. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या बाई सत्तरीच्या होत्या. आम्ही सगळे त्यांना सेन्योरा म्हणत असू आणि त्या मला ‘इखा’, म्हणजे ‘मुली’, म्हणत. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री भांडी आवरताना माझ्या हातून काचेचा पेला पडून फुटला. मी इंग्रजी वाक्य मनात जुळवून प्रामाणिकपणे कबुली दिली, ‘यो ए रोतो एल वासो’, मी पेला फोडला आहे. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘नो, इखा, से ते आ काईदो.’ म्हणजे, अगं नाही, तो तुझ्या हातून पडला. तू फोडलास असे म्हटले तर तू रागाने आपटलास असा अर्थ होतो, असे त्यांनी केरसुणी घेऊन येता येता समजावले. मी तिथेच थबकले. ‘मी पेला फोडला’ आणि ‘माझ्या हातून पेला पडला’ यांतला फरक मी वर्गात अकरावीच्या मुलांना शिकवते. मग मी येथे तो इंग्रजीतून का शोधत होते?

त्या रात्री मी वहीचे मागचे पान उघडून दोन रकाने पाडले, एक स्पॅनिश आणि एक मराठी. उरलेले दोन-अडीच आठवडे वर्गात जे जे कळेना ते ते मी तिथे नेऊन पाहिले, आणि अर्ध्याहून जास्त वेळा मराठीच्या रकान्यात उत्तर तयार होते. ‘बुस्को ला याबे’, मी चावी शोधते, पण ‘बुस्को आ मि एर्माना’, मी बहिणीला शोधते. कर्म माणूस असेल तर स्पॅनिशमध्ये ‘आ’ लागतो आणि आपल्याकडे ‘ला’ लागतो, वस्तूला दोन्हीकडे लागत नाही. अमेरिकन मुलांच्या वह्या या ‘आ’पायी लाल होऊन परत येत. भूतकाळाचे दोन प्रकारही तसेच. ‘मी गेले’ आणि ‘मी जात असे’ यांची निवड आपण न विचारता करतो, तीच निवड तिथे करायची असते.

सर्वांत मोठा धाक असतो तो सबखुन्तिवोचा, म्हणजे इच्छा, शंका, विनंती, आशा अशा ठिकाणी क्रियापदाचे रूप बदलते त्या प्रकरणाचा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते निव्वळ पाठांतर वाटते. मी ‘किएरो के बेंगास’ हे वाक्य मराठीच्या रकान्यात लिहिले: ‘तू यावेस असे मला वाटते.’ आमचा विध्यर्थ तिथे जसाच्या तसा उभा होता. ‘बेंगास’ आणि ‘यावेस’ या दोन्हींच्या शेवटचा, ‘तू’ दाखवणारा ‘स’सुद्धा बरोबर ओळखीचा निघाला, लॅटिन आणि संस्कृत या दोन दूरच्या बहिणींकडून तो दोन घरांत आला आहे. निरोप देताना ते ‘के तेंगास बुएन बिआखे’ म्हणतात, आपण ‘प्रवास सुखाचा होवो’ म्हणतो. 23 जुलैला, रविवारी, स्पेनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. भर उन्हाळ्यात निवडणूक घेतली म्हणून आमच्या सेन्योरा आठवडाभर कुरकुरत होत्या, पण सकाळी ऊन चढण्याआधी पंखा घेऊन मतदानाला गेल्या. दुपारी जेवताना त्यांनी निकालाबद्दल जी जी इच्छा बोलून दाखवली, तिच्या आरंभी ‘ओखाला’ हा शब्द होता. तो अरबीतून आलेला आहे, अल्लाची इच्छा असेल तर, असा त्याचा मूळ अर्थ, आणि त्याच्यामागून येणारे क्रियापद नेहमी या इच्छेच्या रूपातच येते. त्या एका जेवणात मला जेवढा सबखुन्तिवो ऐकायला मिळाला तेवढा वर्गात आठवडाभरात मिळाला नव्हता. निकालात कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही, त्यामुळे हा सराव पुढेही चालू राहिला.

मराठी सगळीकडे कामाला येते असे मात्र नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांसाठी आपल्याकडे एकच ‘आहे’ आहे, आणि तिथे मी चारही आठवडे चुकत राहिले. उच्चारांत निम्मा फायदा झाला. त आणि द दंत्य असल्यामुळे शिक्षिकेने पहिल्याच दिवशी कौतुक केले. पण ‘ग्राथियास’मधला थ हा आपला थ नव्हे. तो जीभ दातांत धरून हवा सोडत म्हणायचा असतो, आणि माझा ‘थालीपीठ’मधला थ ऐकून वर्ग हसत असे. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. या दुसऱ्या शब्दातला घरघरणारा र मला काही जमला नाही. एकेरी-अनेकवचनी संबोधनाचा गोंधळ वेगळाच. ‘तु’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही, असे मी गृहीत धरले आणि तिशीतल्या शिक्षिकेला ‘उस्तेद’ म्हणत राहिले. एक दिवस तिने हात जोडून विनंती केली की मला इतकी म्हातारी करू नका. शिक्षिकेला ‘तु’ म्हणताना माझी जीभ शेवटपर्यंत अडखळली.

शब्दांच्या बाबतीत पोर्तुगीजांनी गोव्यातून आणि वसईतून आपल्याकडे जे सोडले होते ते उपयोगी पडले. बटाटा तिथे पाताता, पाव म्हणजे पान, साबण म्हणजे खाबोन, आणि पगार या शब्दाचे मूळ तिथे ‘पैसे देणे’ या अर्थाचे रोजचे क्रियापद आहे. बिजागरीला ते ‘बिसाग्रा’ म्हणतात, हे मला खोलीचे दार करकरू लागले तेव्हा कळले.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगते. मी अंडे खाते म्हणून निभावले. बटाटे घातलेले जाड ऑम्लेट, ज्याला ते तोर्तिया म्हणतात, आणि गास्पाचो हे टोमॅटोचे गार सूप यांवर बरेच दिवस काढले. ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, एवढे सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या हिशेबी खारवलेले हॅम आणि टूना हे मांसात मोडत नाहीत; प्रत्येकाचे नाव घेऊन नको म्हणावे लागते. रात्रीचे जेवण साडेनऊच्या आधी नसे. जुलैच्या आरंभी सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो, कारण हे गाव पोर्तुगालच्या सीमेजवळ असूनही तिथली घड्याळे मध्य युरोपच्या वेळेने चालतात. त्या उशिरा मावळणाऱ्या उन्हात जवळच्या व्हिल्लामायोर गावच्या दगडातल्या इमारती अक्षरशः हळदीच्या रंगाच्या दिसतात. प्लाझा मायोर या मुख्य चौकात तेव्हा सगळे गाव येऊन बसते, आणि माझा खरा तोंडी अभ्यास तिथल्या बाकांवर झाला.

विद्यापीठ 1218 चे आहे. जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक शोधणाऱ्यांची झुंबड असते, तो मीही शोधला. पण मी पुन्हा पुन्हा गेले ती सोळाव्या शतकात येथे शिकवणारे कवी फ्राय लुइस दे लेओन यांच्या वर्गखोलीत, जिथे ओबडधोबड लाकडी बाके अजून जपून ठेवली आहेत. बायबलमधील गीतरत्नाचे लोकांच्या भाषेत भाषांतर केले, हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होता, आणि त्यापायी ते 1572 ते 1576 कैदेत होते. एकनाथांनी काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका पूर्ण केली ती 1573 मध्ये. कॅस्टिलियन भाषेचे पहिले व्याकरण नेब्रिखा यांनी लिहिले आणि ते 1492 मध्ये याच गावात छापले गेले, हेही त्या खोलीतून बाहेर पडताना आठवत असे. मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या बाकांजवळ उभे राहून काय वाटले असेल ते वेगळे सांगत नाही.

28 जुलैला शेवटची परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत घरातला एखादा प्रसंग सांगा असे विचारले गेले आणि मी पेल्याची गोष्ट सांगितली, ‘से मे कायो’ या योग्य रूपासह. लेखी गुण चांगले आले, तोंडी काठावरचे. प्रमाणपत्रावर अर्थातच नवऱ्याचे नाव पुढे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्योरांनी वाटेसाठी तोर्तियाचा मोठा तुकडा कागदात बांधून दिला. माद्रिदच्या विमानतळापर्यंत बसने सुमारे तीन तास लागतात. हातात दुसरे काम नव्हते म्हणून मी खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात ‘पेर्रो, पेर्रो’ म्हणत बसले. थोड्या वेळाने पुढच्या आसनावरचे आजोबा वाकून आसनांखाली काहीतरी शोधू लागले.